टायटलातली नावं आणि सेवादास आडे

सेवादास आडे कारंजाच्या एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होता. तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायची, खेळ सुटला की दारं उघडायची, एवढं त्याचं काम. मूळचा तो मानोऱ्याकडच्या तांड्यातला. मॅट्रिकला इंग्रजीत दोन मार्कांनी गेला आणि पुन्हा परीक्षेला बसला नाही. टॉकीजचे मालक मांगीलालशेठ यांना लिहितावाचता येणारा आणि दारूला न शिवणारा माणूस हवा होता, तो त्यांना मिळाला. सेवादास आणि त्याची बायको ललिताबाई कारंजात एका खोलीत राहत. आई सोनीबाई आणि मोठा भाऊ हरिसिंग तांड्यावर, तीन एकर कोरडवाहूवर.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर टॉकीजला एक हिंदी चित्रपट लागला. त्यात एक तांडा होता. तांड्यातल्या बाया सुरुवातीला नाचल्या, मध्यंतराच्या आधी त्यांनी हवेलीतलं बाळ पळवलं आणि नंतर तो तांडा गोष्टीतून नाहीसाच झाला. पहिल्या दिवशी तीनच्या खेळाला नाच सुरू झाला तसा पुढच्या बाकड्यांवरून आवाज आला, "ए सेवादास, तुहे सोयरे आले ना बे! जाय, जागा दाखव!" अख्खी टॉकीज हसली. सेवादासही हसला. दारावर उभ्या असलेल्या माणसाला हसावंच लागतं.

त्याच आठवड्यात सोनीबाई बाजाराला गेली होती. एका कापडवाल्यानं तिचं गाठोडं भर बाजारात सोडायला लावलं. त्याची दोन लुगडी कमी भरत होती. गाठोड्यात मिरच्या, गूळ आणि नातवासाठी घेतलेल्या चपला निघाल्या. लुगडी मागाहून त्याच्याच दुकानात सापडली. पंधरा वर्षं ती त्याच दुकानातून कापड घेत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता की नाही, कुणी सांगावं? सेवादासनं मात्र तो जोडला, आणि एकदा जोडल्यावर तो त्याच्या मनातून गेला नाही.

ललिताबाईनं तो चित्रपट पाहिला तेव्हा घरी येता येता तिनं विचारलं, "त्या नाचनाऱ्या बायांत आपली एक तरी होती का?"

"आपली कायले राहीन?"

"मंग त्या कुवाऱ्या पोरीच्या कानापाशी घुगऱ्या काहून लटकवल्या? लग्न झालेल्या बाईचा दागिना तो. आपली एक जरी राहती तं तिनं सांगतलं असतं."

दुसऱ्या दिवशी सेवादासनं टॉकीजसमोरच्या अजितकुमारच्या दुकानातून शाळेच्या हजेरीचं एक मोठं रजिस्टर आणलं. पट्टीनं रकाने आखले. चित्रपटाचं नाव. गोष्टीत तांड्याचं माणूस आहे का. ते काय करतं: नाचतं, चोरतं, वाट दाखवतं, मरतं. त्याला बोलायला वाक्य आहे का. काम कुणी केलं. आणि शेवटचा रकाना, करणारा आपल्यातला आहे का.

माहिती सगळी उघड्यावरचीच होती. चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर नावं येतात, त्यांना सगळे टायटल म्हणत. पोस्टरवर मोठी नावं असत. अजितकुमारच्या दुकानात गाण्यांच्या चोपड्या मिळत, त्यांच्या मागच्या पानावर नटनट्यांची यादी असे. मुंबईहून येणाऱ्या एका सिने-साप्ताहिकात नव्या चित्रपटांत कोण कोण आहे ते छापून येई. पण लहानसहान कामं करणाऱ्यांची नावं फक्त टायटलात असत, तीही एका चौकटीत वीस-पंचवीस, आणि ती चौकट डोळा मिटेपर्यंत निघून जाई. सेवादासनं त्यावर तोड काढली. पहिल्या खेळाला डावीकडची नावं पाठ करायची, दुसऱ्याला मधली, तिसऱ्याला उजवीकडची. लगेच दाराबाहेर येऊन तिकिटांच्या अर्धुकांच्या पाठीवर ती लिहायची. दोन दिवसांत चौकट पुरी होई.

पण ती पुरी होऊ देईल तो ऑपरेटर ग्यानबा कसला! ग्यानबाला खेळ लवकर संपवायची घाई. रीळ लावताना तो टायटल सरळ कापून पुढे जायचा. कधी वितरकाकडूनच रीळ इतकं झिजून यायचं, की नावांच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघा नाचायच्या.

"ग्यानबा, नावं दाखव बाबू. दोन मिनिटाचं काम आहे," सेवादास वर केबिनमध्ये जाऊन म्हणायचा.

"नावं कोन वाचते बे? पब्लिक तंवर बिड्या पेटवते."

"मी वाचतो."

"तू काय पब्लिक हायेस?"

शेवटी ही तक्रार मांगीलालशेठपर्यंत गेली. शेठनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेवादास, तू दरवाजा देख. परदा ग्यानबा देखेगा." त्यानंतर महिनाभर ग्यानबानं मुद्दाम एकाही चित्रपटाचं टायटल दाखवलं नाही. रजिस्टरात त्या महिन्याची पानं कोरी आहेत. त्यांवर सेवादासनं तिरपं लिहून ठेवलं आहे, 'नावे दाखविली नाहीत.'

दुसरं भांडण अजितकुमारशी झालं. अजितकुमार पुस्तकंवाला, जैन, सेवादासच्याच वयाचा आणि खरं तर दोस्त. रिकाम्या दुपारी तो रजिस्टर चाळायचा. चौऱ्याहत्तर साली एकदा त्यानं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे 'नाही, नाही, नाही' कशावरून लिहिलं तू? या लोकाईची नावं खोटी राह्यतात. मुंबईत गेला की मानूस नाव बदलवते. यातला एखादा तुह्याच तांड्याचा निघाला तं?"

सेवादासला राग आला, कारण बोलणं खरं होतं. त्याच्या स्वतःच्या चुलतभावानं पुण्यात नोकरी लागल्यावर आडनाव बदललं होतं. तीन दिवस त्यानं विचार केला, मग रबरानं खोडून जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. ज्याचं गाव, घराणं कुठल्या तरी छापील कागदावर सापडलं, त्याच्यापुढे 'नाही' ठेवलं. बाकीच्यांपुढे लिहिलं, 'माहीत नाही'. आणि होता होता रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा आला तो हाच शेरा. तीन वर्षं मान मोडून त्यानं काय जमवलं, तर आपल्याला माहीत नाही एवढंच. कितीदा त्याला वाटलं, की रजिस्टर चुलीत घालावं.

"आनखी एक सांगू?" अजितकुमार दुसऱ्या वेळी म्हणाला. "आमचा मानूस दाखवतात तोही नेहमी लबाडच. काटा मारनारा, व्याज खानारा. मी रडत बसतो का?"

"तुमच्या त्या लबाडाले पाहून बाजारात कोनी तुह्या मायचं गाठोडं सोडलं का, अजितभाऊ?"

त्यानंतर अजितकुमार ते सिने-साप्ताहिक विकायला लावण्याआधी सेवादाससाठी अर्धा दिवस बाजूला ठेवू लागला.

शहात्तर साली सेवादासनं त्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं. दोन पानी, सुवाच्य, पत्ता 'मु. पो. कारंजा, जि. अकोला'. पाच वर्षांत टॉकीजला दोनशे चौदा चित्रपट लागले. एकतीस चित्रपटांत तांडा किंवा तांड्याचं माणूस होतं. त्यांत बोलायला वाक्य असलेली अठ्ठावन्न कामं. त्यांपैकी सव्वीस चोरीची, एकोणीस नाचाची, बाकी किरकोळ. शेतकरी एकही नाही, मास्तर एकही नाही, कंडक्टर एकही नाही. करणाऱ्यांत आपल्यातला म्हणून खात्रीनं सांगता येईल असा एकही नाही. एकेचाळीस जणांबद्दल माहीत नाही. शेवटी त्यानं नम्रपणे विचारलं होतं, की संपादक महाशयांकडे याहून चांगली माहिती असल्यास कळवावी, म्हणजे चूक दुरुस्त करता येईल.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, ते वाचकांच्या प्रश्नांना चटपटीत उत्तरं देणाऱ्या पानावर. पत्रातलं एक वाक्य छापलं होतं, 'चित्रपटात तांड्याच्या माणसाचे काम तांड्याच्या माणसास का मिळत नाही? — सेवादास आडे, कारंजा.' आणि खाली उत्तर, 'हिरो व्हायचंय ना? आधी फोटो पाठवा!'

पुढचे कित्येक दिवस दारावर तिकीट फाडताना लोक म्हणायचे, "काय सेवादास, फोटो गेला का?" मांगीलालशेठही एकदा म्हणाले. अठ्ठावन्न, सव्वीस, एकोणीस हे आकडे कुणी विचारले नाहीत. सेवादासनं ते पान फाडलं नाही. रजिस्टरात खळीनं चिकटवलं आणि पुढच्या चित्रपटाची नोंद केली.

सत्याहत्तरच्या डिसेंबरात मुंबईची एक फिल्म कंपनी मानोऱ्याकडच्या टेकड्यांत शूटिंगला आली. त्यांना खरा तांडा हवा होता. त्यांचा मॅनेजर मांगीलालशेठकडे आला आणि शेठनी सेवादासला पुढे केलं. सेवादासला आपला शेवटचा रकाना आठवला. पण त्यानं घाई केली नाही. तो म्हणाला, "मानसं देतो, बाया देतो, कपडेलत्ते देतो. पन दोन गोष्टी पायजेत. बोलायचं एक तरी काम तांड्यातल्या मानसाले द्या. अन् त्याचं नाव टायटलात टाका."

मॅनेजर हसला. "बस इतना? लिख के देता हूँ." आणि त्यानं खरंच एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

सेवादासनं आठवड्याची रजा काढली. तांड्याचा नाईक म्हणजे प्रमुख देवला. त्यानं आधी नको म्हटलं, मग सेवादासचं तोंड पाहून हो म्हटलं. बोलायचं काम सोनीबाईला मिळालं. दिग्दर्शकानंच तिला निवडलं. साठीची बाई, ताठ मान, कपाळावर गोंदण, आरसे लावलेली कांचळी. काम असं होतं: हिरो घोड्यावरून येतो, म्हातारीला विचारतो, तुमचा तांडा कुठून आला? आणि तिनं हात हलवून म्हणायचं, "हमारा क्या साब, आज यहाँ, कल वहाँ."

सेवादासनं आईला वाक्याचा अर्थ सांगितला. सोनीबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे मी कोनाबद्दल म्हनायचं?"

"आपल्याबद्दल, याडी."

"मी उद्या कुठं जाऊन राह्यली?"

"कुठंच नाई. नुसतं म्हनायचं हाये."

"तुह्या बापाच्या आज्यानं हे वावर वाहितीले आनलं. त्या बांधावरचं मोहाचं झाड माह्या सासूनं लावलं. अन् मी त्या मानसाले सांगू, का आमचा काही ठिकाना नाई?"

"याडी, नाटक आहे ते."

"नाटक त्याईच्यासाठी. माह्या तोंडून निघालं म्हनजे ते माहं बोलनं झालं."

कॅमेरा लागला, आरसे धरून ऊन सोनीबाईच्या तोंडावर पाडलं. हिरोनं प्रश्न विचारला. सोनीबाई गप्प. दुसऱ्यांदा विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "इथलेच आहो आमी." दिग्दर्शकानं हात वर करून थांबवलं. मॅनेजर धावत आला. तिसऱ्या वेळी तिनं तेच म्हटलं, जरा मोठ्यानं.

सेवादास तिच्याजवळ गेला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि तरी थांबता येत नव्हतं. "याडी, सहा वर्षं झाली. सहा वर्षांत एक नाव नाई भेटलं मले. फकत एक. तुहं नाव लागलं तं मले कुठंतरी 'हो' लिहिता येईन. एकडाव म्हन. तुह्या पाया पडतो."

"तुह्या वहीसाठी म्हनू?"

"व्हय! माह्या वहीसाठी म्हन!"

तो ओरडला होता. सगळा तांडा पाहत होता. सोनीबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती चालू लागली. दिग्दर्शक म्हणाला, ऊन चाललंय. मुंबईहून आलेल्या नाचाच्या ताफ्यात एक उतारवयाची बाई होती. तिला सोनीबाईच्या ट्रंकेतले दुसरे फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, नेसवले आणि तिनं एका दमात वाक्य म्हटलं. कपडे सेवादासनंच आणून दिले. तसं आधीच ठरलं होतं. सोनीबाई घराच्या ओट्यावर बसून धान्य निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर मायलेकांचं बोलणं तुटलं. हरिसिंगनं समजावलं, ललिताबाईनं समजावलं. सेवादासला आईचा राग होताच, पण त्याहून जास्त राग त्याला याचा होता, की ती चुकली असं त्याला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. आजवर तो फक्त एवढंच मोजत आला होता, की काम कुणी केलं. त्या कामात माणूस काय बोलतो, हे त्याच्या रजिस्टरात 'वाक्य आहे' किंवा 'नाही' एवढंच होतं. अठ्ठावन्न कामांची वाक्यं काय होती, त्यानं लिहूनच ठेवली नव्हती. आता आठवायला गेला तर दहाबारा आठवली. त्यातली एकही त्याची आई बोलली नसती.

चित्रपट एकोणऐंशीच्या मार्चमध्ये कारंजाला आला. ग्यानबानं त्या दिवशी न सांगता टायटल पूर्ण दाखवलं. सेवादासनं तिन्ही खेळांना ते वाचलं. मुंबईच्या त्या बाईचं नावही त्यात नव्हतं. शेवटच्या चौकटीत एक ओळ होती, 'और तांडे के लोग'. गाव नाही, तालुका नाही. मॅनेजरची चिठ्ठी सेवादासच्या ट्रंकेत होती. त्यानं ती काढून पाहिली. खाली सही होती, पण कंपनीचं नाव नव्हतं. त्यानं पोस्टरवरच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवली. एक परत आलं, दुसऱ्याचं उत्तर आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तांड्यातले पंधरावीस जण एसटीनं तीनच्या खेळाला आले. त्यांच्यात सोनीबाई होती. तिनं आयुष्यात टॉकीज पाहिली नव्हती. सेवादासनं सगळ्यांना आत घेतलं, बॅटरीनं जागा दाखवली. आईला हाताला धरून बसवलं. आपल्या कपड्यातली परकी बाई पडद्यावर हात हलवून "आज यहाँ, कल वहाँ" म्हणाली, तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली. आणि अंधारातून सोनीबाईचा आवाज आला, बाजारात भाव विचारावा तसा खणखणीत, "खोटं बोलते ते! कपडे माहे हायेत!"

टॉकीज हसली. तांड्याचे लोक हसले नाहीत. "बसा बाई, खाली बसा," असं लोक ओरडायला लागले. अशा वेळी गलका करणाऱ्याला बाहेर काढणं हे डोअरकीपरचं काम. सेवादास दारापाशी उभा राहिला. मांगीलालशेठनी ऑफिसातून येऊन विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाई शेठजी. पब्लिक बोलून राह्यली."

खेळ सुटल्यावर त्यानं आईला चहा पाजला. स्टँडवर एसटीची वाट पाहताना ती म्हणाली, "पिच्चर लांब हाये लय." एवढंच. पण बोलणं पुन्हा सुरू झालं.

त्या वर्षी पावसानं दगा दिला, आणि दसऱ्यानंतर एक मुकादम तांड्यावर ट्रक घेऊन आला. ऊसतोडीला, तिकडे नगरकडे, सहा महिन्यांसाठी. तांड्यातली अकरा घरं निघाली. त्यांत हरिसिंग आणि त्याची बायकोही होती, पोरगा मात्र आजीपाशी राहणार होता. सेवादास त्यांना पोचवायला सकाळीच कारंजाहून आला होता. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या ट्रकमध्ये चढत होत्या. त्याच्या डोक्यात ते वाक्य घोळत होतं आणि ते घोळतंय याचाच त्याला संताप येत होता. शेवटी तो आईला म्हणाला, "पाह्य आता. तुनं त्या दिवशी म्हटलं नाई. आज खरं झालं ना?"

सोनीबाई नातवाच्या डोक्याला तेल लावत होती. "काहून खरं झालं?"

"आज इथं, उद्या तिथं. जाऊन राह्यले ना सगळे."

"हरिसिंग पोटासाठी चालला. आपल्या खोलीले कुलूप लावून चालला. कुलूप कायले लावते मानूस? परत याचं राह्यते म्हनून." तिनं पोराचं डोकं आपल्याकडे वळवलं. "पिच्चरातल्या त्या बाईनं कुलूप लावलं होतं का?"

ट्रक धुरळा उडवत रस्त्याला लागला. हरिसिंगनं फळीवरून हात केला आणि ओरडून सांगितलं, की तुरीवर लक्ष ठेव.

कारंजाला परतल्यावर सेवादासनं रजिस्टरात एक नवा रकाना आखला, 'काय बोलायला लावले'. जागा उरली नव्हती, म्हणून पानाच्या कडेला उभं लिहावं लागलं. जुन्या चित्रपटांची वाक्यं मिळवायची तर ते चित्रपट पुन्हा यायला हवे होते, आणि जुनी रिळं मांगीलालशेठ मागवत नसत. त्यानं शेठना विचारलं, ते नाही म्हणाले. त्यानं ग्यानबाला विचारलं, त्याला काही आठवतं का. ग्यानबानं बराच विचार केला आणि दोन वाक्यं सांगितली. त्यातलं एक चुकीच्या चित्रपटातलं निघालं.